आधी टाकी तरी उघडा



जुना टाटा १६१३ चढाला दम टाकतो म्हणून पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवा, हा मागील अंकातील पत्रलेखकाचा सल्ला पटला नाही. हवा तेवढीच असताना जादा डिझेल जळणार कुठून? ते काळा धूर होऊन बाहेर पडते, खिशातूनही. दोष बहुधा पंपाच्या अलीकडेच सापडतो: टाकीतला गाळ, तुंबलेला फिल्टर, फीड पंपाची जाळी, नाहीतर तांब्याचा जुनाच वॉशर परत बसवल्याने लाइनने धरलेली एअर. ब्लीड स्क्रू सैल करून हँडपंप मारा. फेस थांबतच नसेल तर गळती पंपाच्या अलीकडच्या लाइनमध्येच शोधा. सुधारणाच करायची तर पाणी वेगळे करणारा फिल्टर बसवा. नोझल तपासूनही जोर येत नसेल, तरच पंप कॅलिब्रेशनला उतरवावा.

– एक ट्रकमालक, कराड