मोजे ठीक आहेत, पण स्टूल कुठे आहे?



दिवसभर उभं राहून पाय दुखतात, काय करावं, असं कुणी विचारलं की आपल्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं : कॉम्प्रेशन सॉक्स घाला. मी कॅलिफोर्नियात एका औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट आहे. दहा तासांची पाळी, आणि ती जवळजवळ सगळी उभ्याने. हे मोजे मी स्वतः रोज घालते, गिऱ्हाइकांनाही सुचवते. तेव्हा मोज्यांशी माझं भांडण नाही. भांडण आहे ते "मोजे घाला" एवढं सांगून विषय संपवणाऱ्यांशी.

आधी मोज्यांचं श्रेय मोज्यांना देऊ. पायातलं रक्त वर हृदयाकडे चढवायचं काम बरंचसं पोटरीचे स्नायू करतात. चालताना ते आवळले जातात, आतल्या शिरा दाबल्या जातात, रक्त वर ढकललं जातं आणि शिरांमधल्या झडपा ते परत खाली येऊ देत नाहीत. माणूस एका जागी उभा राहिला की हा पंप जवळपास थांबतो. घोट्यापाशी शिरांमधला दाब सुमारे ९० मिलिमीटर पाऱ्यापर्यंत जातो. चालायला लागलं की तोच निरोगी माणसात ३०च्या खाली येतो. संध्याकाळी पाय जड होतात, घोटे सुजतात, पोटऱ्या भरून येतात त्या यामुळे. वर्षानुवर्षं असंच चाललं तर व्हेरिकोज व्हेन्सचा धोका वाढतो.

हा मोजा घोट्यापाशी सगळ्यात घट्ट असतो आणि वर सैल होत जातो, त्यामुळे रक्त खाली साचून राहत नाही. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्यांपैकी १५ ते २० मिलिमीटर दाबाचा, गुडघ्यापर्यंतचा मोजा बहुतेकांना पुरतो. घोटा आणि पोटरी मोजून घ्यावा, सकाळी सूज यायच्या आत घालावा, वरची कड दुमडू नये. मधुमेहाने पाय बधिर झाले असतील किंवा पायाच्या रोहिण्यांत अडथळा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

पण या मोज्याने टाच दुखायची थांबत नाही, कंबर तर नाहीच नाही. शिवाय तो आपल्याच पैशाने घ्यायचा, आणि काही महिन्यांत इलॅस्टिक सैल पडलं की परत नवा. म्हणजे दुखणं कामाचं, आणि खर्च मात्र कामगाराचा!

माझ्या कामाच्या ठिकाणी एकदा 'वेलनेस' आठवडा साजरा झाला. प्रत्येकाला मोज्यांची एक जोडी भेट मिळाली, छान रिबिनीत बांधलेली. त्याच आठवड्यात गल्ल्यावरच्या एका बाईंनी स्टूल मागितलं. उत्तर मिळालं, "गिऱ्हाइकासमोर बसलेलं बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही? आपल्या भाषेत तर माणूस गल्ल्यावर 'बसतो'. दादरला किंवा लक्ष्मी रोडवर साडीच्या जुन्या दुकानात विक्रेते पांढऱ्या गादीवर बसूनच साड्या उलगडून दाखवायचे, आणि त्यात कुणाला अपमान वाटला नाही. जर्मनीत सुपरमार्केटचे कॅशियर बसून बिलं करतात. इथे अमेरिकेत आल्डीमध्येही करतात. म्हणून कुणी सामान टाकून निघून जात नाही. तेव्हा प्रश्न शिष्टाचाराचा नाही. नोकर उभा दिसला म्हणजे तो काम करतोय, या मालकी समजुतीचा आहे.

यावर काही नवीन मागायचंय असंही नाही. ब्रिटनमध्ये १८९९ सालच्या कायद्याने दुकानातल्या दर तीन स्त्री-विक्रेत्यांमागे निदान एक आसन देणं बंधनकारक केलं होतं. कॅलिफोर्नियाचा नियम सांगतो की कामाचं स्वरूप पाहता बसणं वाजवीपणे शक्य असेल तर योग्य आसन दिलंच पाहिजे. किल्बी विरुद्ध सीव्हीएस फार्मसी या प्रकरणात २०१६ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की एकूण नोकरी उभ्याची आहे असं म्हणून चालणार नाही. त्या-त्या जागेवरची कामं बसून होतात का ते पाहायचं, आणि योग्य आसन उपलब्धच नाही असं म्हणायचं असेल तर ते मालकाने सिद्ध करायचं. आपल्यापैकी किती जणांना हे ठाऊक आहे?

आणि भारतात? कोळिकोडच्या कापडदुकानांतल्या बायकांनी पी. विजी यांच्याबरोबर संघटना बांधली, वर्षानुवर्षं लढा दिला, आणि २०१८ साली केरळने दुकान कायद्यात बसण्याचा हक्क घातला. २०२१ साली तमिळनाडूने तेच केलं. आंदोलन उभं केलं ते दिवसभर उभ्या असणाऱ्या सेल्सगर्ल्सनी.

आता कुणी म्हणेल, "अहो, आम्ही तर मुद्दाम उभं राहायचं टेबल घेतलंय! बसून राहणं जास्त वाईट." खरं आहे, दिवसभर बसणंही वाईटच. पण तुमच्या टेबलाला बटण आहे. कंटाळा आला की दाबता आणि बसता. आमच्या काउंटरला ते बटण नाही. आरोग्य उभं राहण्यात किंवा बसण्यात नाही, आलटून-पालटून दोन्ही करता येण्यात आहे. ही मुभा पगाराच्या चढत्या क्रमाने वाटली जाते, हा माझा आक्षेप आहे.

आपल्यात दुकानांचे मालक आहेत, मॅनेजर आहेत, स्वतःचं क्लिनिक चालवणारे डॉक्टर आहेत. समता, श्रमप्रतिष्ठा यांवर आपण इथे भरभरून लिहितो. मग आपल्याच रिसेप्शनवर, आपल्याच गल्ल्यामागे स्टूल आहे का, हे उद्या सकाळी पाहा. एका बऱ्या स्टूलाची किंमत चांगल्या मोज्यांच्या तीन-चार जोड्यांएवढी, आणि ते कितीतरी वर्षं टिकतं.

बाकीच्यांनी येत्या शनिवारी देशी ग्रोसरीत जाल तेव्हा बिल करणाऱ्या मुलीकडे जरा बघा. ती उभी असेल तर तिला मोज्यांचा सल्ला देऊ नका. मालकाला विचारा, "हिला बसायला काही नाही का हो?" तिने विचारलं तर तिची नोकरी धोक्यात येईल. तुम्ही विचारलंत तर मालक फार तर हसून टाळेल. म्हणून दुसऱ्या शनिवारीही विचारा.