डेरिक परेरा आणि 'तात्पुरता' हा शब्द

गेल्या शनिवारी डोंबिवलीत टर्फवर आमचा वाद झाला. (खेळ चाळीस मिनिटं, वाद दीड तास. नेहमीचंच.) विषय होता, भारतीय फुटबॉलमधला सगळ्यात दुर्लक्षित माणूस कोण? मी म्हटलं, डेरिक परेरा. सातातल्या पाच जणांनी विचारलं, "कोण?" घ्या, सुटला प्रश्न.

डेरिक गोव्याचे. साळगावकर क्लबचे बचावपटू, भारताकडूनही खेळलेले. बचावपटूचं नशीब आमच्या प्रॉडक्शन सपोर्टवाल्यांसारखं असतं. सगळं सुरळीत चाललं की तुम्ही आहात हे कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि रात्री दोनला सिस्टिम बसली की पहिला फोन तुम्हाला.

पुढे ते प्रशिक्षक झाले. 2005-06च्या हंगामात त्यांच्या महिंद्रा युनायटेडने फेडरेशन कपही जिंकला आणि नॅशनल फुटबॉल लीगही. मुंबईच्या संघाने राष्ट्रीय लीग जिंकायची ती पहिलीच वेळ! तेव्हा मी डोंबिवलीहून फास्ट लोकलने सीएसटी आणि पुढे बसने कूपरेज अशी यात्रा करायचो. खोटं कशाला बोलू, जायचो ते बरेटोला बघायला. ब्राझीलचा माणूस, त्याच्या पायात चेंडू आला की अख्खा स्टँड उठून उभा. मागची फळी कोणी बसवली, हा प्रश्न मला तेव्हा पडलाच नाही. आता पडतो.

हा विजेता संघ मालकांनी 2010 मध्ये बंद केला. तोवर डेरिक पुण्यात होते. पुणे एफसी 2009-10 मध्ये आय-लीगमध्ये नवखी होती, तरी तिसरी आली. 2012-13 मध्ये दुसरी. 2015 मध्ये तोही संघ गुंडाळला गेला. म्हणजे बायोडेटात दोन उत्तम प्रोजेक्ट आहेत, पण दोन्हींचे सर्व्हर बंद. दाखवणार काय?

दरम्यान 2014 मध्ये आयएसएल आली. आठ संघ, आठही मुख्य प्रशिक्षक परदेशी. गोव्याला झिको. आता झिको म्हटल्यावर तिकिटं खपणार, त्याबद्दल तक्रार नाही. पण आठात एकही भारतीय नसावा? लीग जिंकून दाखवलेला माणूस घरात असताना?

डेरिक एफसी गोवामध्ये आले, पण पडद्यामागे. डिसेंबर 2021 मध्ये हुआन फेरान्डो हंगाम अर्धवट सोडून एटीके मोहन बागानला गेले, तेव्हा तांत्रिक संचालक असलेल्या डेरिकना बाकावर बसवलं. त्याआधी 2017 मध्ये चर्चिल ब्रदर्सनेही त्यांना हंगाम सुरू झाल्यावरच बोलावलं होतं. आग लागली की डेरिक!

"पण गोवा नववं आलं ना?" टर्फवरचा एक मित्र. आलं, मान्य. संघ दुसऱ्याने निवडलेला, हंगाम बायोबबलमधला, आणि सुरुवातीचे सामने आधीच होऊन गेलेले. ते अपयश नव्हतंच असं मी म्हणत नाही. पण त्यावरून माणसाची पारख करायची, तर आधी त्याला एक अख्खा हंगाम द्या, खेळाडू त्याला निवडू द्या, आणि मग खुशाल मार्क कापा.

हे मी इतक्या तावातावाने का बोलतोय ते मित्राला ठाऊक होतं. मागे एका कंपनीत मी आठ महिने 'अॅक्टिंग लीड' होतो. रिलीज मी काढले, शिव्या मी खाल्ल्या, आणि 'अॅक्टिंग' काढायची वेळ आली तेव्हा बाहेरून साहेब आले. असो.

त्याच 2021 मध्ये खालिद जमील नॉर्थईस्टचे मुख्य प्रशिक्षक झाले, तेही कायमचे. आयएसएलमधले असे पहिले भारतीय. ऑगस्ट 2025 मध्ये तर ते भारताच्या संघाचे प्रशिक्षक झाले. मनापासून आनंद झाला. तेही महिंद्राचेच जुने खेळाडू. फक्त महिंद्राने लीग जिंकली 2006 मध्ये आणि आयएसएलचं हे दार उघडलं 2021 मध्ये. मधली पंधरा वर्षं कोणाच्या खात्यात टाकायची?