पोरगी समोर बसली आहे

शेंदुरसनीची बातमी वाचल्यापासून डोक्यातला राग जात नाही. आर्णी तालुक्यातलं हे गाव, लोकसंख्या जेमतेम दीड हजार. जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी पोर्टलवर या एका ग्रामपंचायतीच्या नावाने 2025 च्या सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात 27,397 जन्मांच्या नोंदी झाल्या. यवतमाळात गुन्हा दाखल झाला, तपास सुरू झाला. तो पोलिसांनी करावा, त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण याच जिल्ह्यात आमच्या तिसरीतल्या एका मुलीची एक साधी जन्मनोंद होत नाही, त्याबद्दल मात्र खूप म्हणायचं आहे.

केळापूर तालुक्यातलं कोलामांचं पोड, म्हणजे वस्ती, तिथली आमची जिल्हा परिषदेची शाळा, चार वर्ग, दोन खोल्या, दोन शिक्षक. ही मुलगी पोडावरच, घरात जन्मली. तेव्हा नोंद कुणी केली नाही. शाळेत घालताना अंगणवाडीच्या रजिस्टरवरून तारीख घेतली, आणि ते कायद्याला धरूनच होतं. वयाचा दाखला नाही म्हणून कुठल्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं 14 वं कलम स्पष्ट सांगतं. पुढे कुठल्याशा शिबिरात तिचं आधार निघालं. त्यावर अंदाजाने 1 जानेवारी टाकली आणि नावातलं एक अक्षरही बदललं. आता शाळेच्या नोंदीशी आधार जुळत नाही. शाळेच्या पोर्टलवर तिच्या नावापुढे लाल खूण येते.

ती खूण निघायची तर आधारवरची जन्मतारीख बदलायला हवी. त्यासाठी जन्मदाखला लागतो. जन्माला वर्ष उलटून गेलं असेल तर दाखल्यासाठी दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. खोट्या दाखल्यांचं प्रकरण गाजल्यावर 2025 च्या जानेवारीत सरकारने उशिराचे जन्मदाखले देणंच थांबवलं आणि मार्चमध्ये कडक नियम आणले. खोटेपणा रोखायलाच हवा. पण हे नियम होते तरीही जन्मनोंदणीच्या पोर्टलवर सत्तावीस हजार जन्म चढले, आणि आमच्या या मुलीची आई मात्र तहसीलच्या फाटकात अडली.

या आठवड्यात तिला शाळेत बोलावलं. कापसाची वेचणी सोडून आली होती, कमरेची झोळीही सोडली नव्हती, कापसाच्या काड्या लुगड्याला तशाच चिकटलेल्या. सगळे कागद समजावून सांगितले. तिने ऐकून घेतलं, वर्गात बसलेल्या लेकीकडे पाहिलं आणि म्हणाली, “गुर्जी, पोरगी तं तुमच्यापुढंच बसून हाये. मंग कागद कायले पायजे?” मी काहीतरी बोललो, पण ते उत्तर नव्हतं. तालुक्याला जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, एस.टी.चं भाडं जातं, आणि सर्व्हर बंद असला की पुन्हा हेलपाटा. डिसेंबरात किलोवर वेचणी करणाऱ्या बाईला आणखी किती फेऱ्या घाला म्हणून सांगायचं?

एका मुलीच्या कागदासाठी इतकं का लिहितो, असं कुणाला वाटेल. 30 सप्टेंबरच्या पटावर शाळेची संचमान्यता ठरते, म्हणजे शिक्षकांची किती पदं मंजूर हे ठरतं. त्यात आता आधार जुळलेलीच मुलं धरतात. आमच्या हजेरीत 22 मुलं आहेत, त्यांतली तीन लाल खुणेची. उरली 19. 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाने 20 ची रेघ ओढली आहे. तिच्या खाली गेलेल्या प्राथमिक शाळेला दुसरा नियमित शिक्षक मिळेलच असं राहिलेलं नाही. सहावी ते आठवीत 20 पेक्षा कमी मुलं असली तर एकही शिक्षक मंजूर होत नाही. केंद्राचा कायदा मात्र 60 मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेत दोन शिक्षक द्या म्हणतो. 5 डिसेंबर 2025 ला राज्यभर शाळा बंद ठेवून शिक्षक रस्त्यावर आले. टीईटीच्या, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेच्या सक्तीची चर्चा सगळीकडे झाली, संचमान्यतेच्या या निर्णयाची फारशी झालीच नाही.

दुसरं पद गेलं तर आमच्याकडे जाणार कोण, तर पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या मॅडम. अतिरिक्त ठरून समायोजनात कुठेतरी दूर. आणि त्या काय करतात ते कुठल्याच पोर्टलवर भरलेलं नाही.

कोलामी ही मराठीची पोटभाषा नाही, ती द्राविडी कुळातली भाषा आहे. पहिलीत आलेल्या मुलाला मराठी पुस्तकातलं वाक्य अगदी परकं असतं. मॅडम आल्या तेव्हा मुलं महिना महिना बोलत नसत, मान खाली घालून बसत. मॅडमनी पोडावरच्या म्हाताऱ्यांकडे बसून कोलामी शिकून घेतली. कुणी सांगितलं नव्हतं, भत्ता नव्हता. आता सकाळी पहिली-दुसरीच्या खोलीत आधी कोलामीत गप्पा होतात. काल काय खाल्लं, बैल कुणी सोडला, नाल्याला पाणी किती आहे. मग त्याच गप्पांतले शब्द फळ्यावर मराठीत येतात. गणित कापसाच्या बोंडांवर चालतं. परवा मी दारात उभा राहून पाहत होतो. पहिलीतला एक जण दहा-दहा बोंडांचे ढीग करत होता. पाचवा ढीग आठावर अडला, तर मॅडमनी काही विचारायच्या आत तो उठला, शेजारणीच्या ओंजळीतून दोन बोंडं मागून आणली आणि मोठ्याने म्हणाला, “पन्नास!” तोही मराठीत. शेवटच्या बाकावरून दुसरीतल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मॅडम गेल्या की चार वर्ग माझ्याकडे. तिसरी-चौथीचं वाचन, पहिलीचे ढीग, खिचडीची नोंद, दुपारी 3 पर्यंत भरायचा तक्ता, आणि मतदारयादीचं बी.एल.ओ.चं काम वेगळं. मी ते करीन. पण पहिलीतली पोरं पुन्हा मान खाली घालून बसतील, हे मला आजच दिसतं. आणि पंधरा-सोळा वर्षांनी कुणी संशोधक येऊन विचारेल की कोलाम समाजातली मुलं शाळा का सोडतात.

कोलामांना सरकार आदिम जमात म्हणतं, त्यांच्यासाठी वेगळ्या योजना आखतं. त्याच सरकारच्या शिक्षण खात्याला कोलाम मूल वर्गात बसलेलं दिसत नाही, हे मला मान्य नाही. आधार नाही म्हणून मुलांचा हक्क काढून घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्येच सांगितलं आहे. आमच्या मुलीला शाळेतून कुणी काढलेलं नाही, हे खरं. पण तिच्या वाट्याचा शिक्षक काढून घेतला तर वेगळं काय झालं?

शिक्षणाधिकाऱ्यांना, आणि त्यांच्यामार्फत मंत्रालयाला, माझी विनंती साधी आहे. 30 सप्टेंबरला केंद्रप्रमुखांना प्रत्येक छोट्या शाळेत पाठवा. त्यांनी वर्गात येऊन मुलं मोजावीत, हजेरीशी ताडून पाहावीत, पंचनामा करून सही करावी. संचमान्यतेला तोच आकडा धरा. आधारची दुरुस्ती वर्षभर चालू राहू द्या, त्यासाठी लागेल ती धावपळ आम्ही करू. दंडाधिकाऱ्यांनी आणि आधारच्या लोकांनी वर्षातून एकदा पोडावर यावं, एका दिवसात सगळे कागद निघतील. संचमान्यता अशी दुरुस्त करायला हवी. ती करा.