मेलेली ढोरं ओढली, आता जिवंत गाय तपासू

अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात मायादेवीचं बाळंतपण भिंतीवर रंगवलंय, आत लेकुरवाळी हारीती बसलीय. जगभरची माणसं तिकीट काढून बघतात. पण त्याच डोंगराखालची आपली पोरगी परभणीच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकताना पोटुशी राहिली, तर सल्ला एकच : शिक्षण सोड, संसार बघ.

का सोडायचं? बापजाद्यांनी गावची मेलेली ढोरं ओढली. ही जिवंत गाय गाभण आहे का ते खांद्यापर्यंत हात घालून सांगते. कोर्स साडेपाच वर्षांचा. लग्न-बाळंतपणाचं वय त्यातच येतं.

धोका आहे, नाही कोण म्हणतं? गाभडलेल्या गाईच्या वारेतून ब्रुसेला, एक्स-रे, माजावर आणायचं प्रोस्टाग्लँडिन. ते पोटुशीच्या कातडीतूनही भिनतं, गर्भ पाडू शकतं. मग तेवढं काम तिला नंतर द्या की! हजेरीचा बडगा कशाला?

बाबासाहेब १९२८ साली मुंबई कौन्सिलात कामकरी बाईच्या बाळंतपणाच्या रजेसाठी बोलले. १९६१च्या कायद्यानं २०१७ पासून नोकरदार बाईला पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे दिले. विद्यार्थिनी त्यात नाहीच.

अन् आमचे क्रांतिवीर? मोर्चात पुढं. बायकोची परीक्षा असताना बाळोती धुवायला कितीजण बसता, सांगा.