दुकानावरची पाटी आणि घरची जकात



परवा काकतीच्या एका घरी माझे जाणे झाले. घरातील थोरला मुलगा कुवेतला नोकरीस आहे. धाकट्या बहिणीच्या लग्नासाठी २०२५ च्या मे महिन्यात तो आला, तेव्हा तिच्यासाठी अठरा ग्रॅमची सोन्याची साखळी घेऊन आला. ती त्याने निघतेवेळी तिकडच्या विमानतळावरील दुकानातून घेतली होती. दुकानावर ‘ड्यूटी फ्री’ अशी ठळक पाटी. शिवाय, वर्षाहून अधिक काळ परदेशी राहिलेल्या पुरुषास वीस ग्रॅमपर्यंतचा दागिना जकातीवाचून आणता येतो, असे सोबत्यांनी सांगितलेले. दोन्ही बाजूंनी निर्धास्त होऊन तो इकडे उतरल्यावर हिरव्या वाटेने चालू लागला, आणि तेथे त्यास थांबविण्यात आले. जकात भरावी लागली, वर दंड. मांडवासाठी राखून ठेवलेले पैसे तेथेच संपले. साखळी मिळाली, परंतु चार तास मुलाला गुन्हेगारासारखे बसावे लागले, हे शल्य आईच्या मनातून अद्याप गेलेले नाही.

“फादर, जकात माफ म्हणून पाटीवर लिहिलेलं होतं ना? मग माझा मुलगा चोर कसा ठरला?”

मावशींचा हा प्रश्न मला फार रास्त वाटला. आपल्या गावोगावच्या कित्येक घरांतील मुले आखातात आहेत. म्हणून त्यांना जे उत्तर दिले तेच येथे थोडे विस्ताराने लिहितो.

प्रथम ती पाटी. विमानतळावरील अशा दुकानांचा उगम आयर्लंडमधील शॅनन येथे १९४७ साली झाला. अटलांटिक ओलांडणारी विमाने तेव्हा इंधनासाठी तेथे उतरत. ब्रेंडन ओ’रेगन नावाच्या गृहस्थांच्या ध्यानात आले की, हे प्रवासी आयर्लंडच्या भूमीवर उभे असले तरी कायद्याने देशात शिरलेले नाहीत. मग त्यांना विकलेल्या मालावर आयर्लंडने कर का घ्यावा? माल तर देशाबाहेरच जाणार! ही युक्ती पुढे जगभर पसरली. तेव्हा पाटीचा अर्थ एवढाच की, दुकान ज्या देशात आहे त्या देशाने आपला कर सोडला आहे. आपल्या देशाने आपला कर सोडला, असे ती पाटी म्हणत नाही, आणि कुवेतच्या दुकानदाराला तसे म्हणण्याचा अधिकारही नाही. इकडे उतरल्यावर सामानाच्या पट्ट्याजवळ जी दुकाने असतात, त्यांतील खरेदीसुद्धा आपल्या सवलतीतच मोजली जाते. मद्याची मर्यादा दोन लिटर. तिकडून दोन आणि इकडून दोन, असा हिशेब चालत नाही.

आता दागिना. सोबत्यांनी सांगितले ते खोटे नव्हते, अर्धे होते. २०१६ च्या नियमांत पुरुषास वीस ग्रॅम व स्त्रीस चाळीस ग्रॅम अशी सवलत होती खरी. परंतु तिच्या शेजारीच किमतीची अट होती: पुरुषास पन्नास हजार रुपये, स्त्रीस एक लाख. २०१६ मध्ये दहा ग्रॅम सोने सुमारे तीस हजारांना मिळे, म्हणून दोन्ही अटी जवळजवळ जुळत. एप्रिल २०२५ मध्ये तेच दहा ग्रॅम लाखावर गेले. म्हणजे पन्नास हजारांत पाच ग्रॅमही बसेना! सोने हातभर वाढले आणि नियम वीतभरच राहिला. या बाबतीत माझ्या मते मुलाहून नियमाचा दोष अधिक होता. फेब्रुवारी २०२६ मध्ये नवी नियमावली आली, तिने किमतीची अट काढून केवळ वजन ठेवले, आणि इतर सामानाची पन्नास हजारांची मर्यादा पंचाहत्तर हजारांवर नेली. मांडवाचे पैसे मात्र त्यामुळे परत येणार नाहीत.

नियम असे बदलत राहतात. २०१३ च्या ऑगस्टपर्यंत सपाट पडद्याचा दूरदर्शनसंच सवलतीत बसत असे. त्या महिन्याच्या २६ तारखेपासून त्याच्यावर जकात बसली, आणि त्यापुढे संच आणणाऱ्या कित्येकांचा स्वस्ताईचा हिशेब चुकला. म्हणून मित्राने दोन वर्षांपूर्वी काय आणले, हा आधार धरू नये. निघण्यापूर्वी त्या दिवशीचा नियम पाहावा.

जकातीचे हे प्रकरण आपल्या भागाला नवे नाही. घरातील वृद्धांना विचारून पाहा. गोवा पोर्तुगिजांकडे होता तेव्हा लोंढ्याहून पुढे कॅसलरॉकला गाडी थांबे आणि ट्रंका उघडल्या जात. त्याही पूर्वी, १८७८ साली इंग्रज व पोर्तुगीज यांच्यात करार होऊन ही जकातीची भिंत काही वर्षे काढण्यात आली होती. त्याच्या बदल्यात गोव्याच्या मिठावर इंग्रजांचा ताबा आला. १८९२ मध्ये करार संपला आणि भिंत पुन्हा उभी राहिली. १९५५ मध्ये तर रेल्वेच बंद पडली. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर ती सीमा पुसली गेली. (चोर्ला घाटातून बाटल्या आणणाऱ्यांनी यावरून भलता अर्थ काढू नये. मद्यावरील कर ही प्रत्येक राज्याची स्वतंत्र बाब आहे, आणि तो नाका शाबूत आहे.) नाक्यावरील माणसाविषयी लोकांना माया कधीच नव्हती, मत्तय जकातनाक्यावर बसला होता त्या काळीही नव्हती.

आता मुलाची चूक कोठे झाली ते सांगतो. सांबऱ्याला परदेशातून थेट विमान उतरत नाही. आपली मुले मुंबईस किंवा गोव्यास उतरतात. तेथे दोन वाटा असतात. हिरव्या वाटेने जाणे म्हणजे ‘माझ्याजवळ जकातीचे काही नाही’ असे तोंडाने न बोलता केलेले विधान होय. लाल वाटेने जाऊन त्याने साखळी दाखविली असती, तर सवलतीवरच्या भागाची जकात भरून तो घरी आला असता. दंड पडला नसता. दुकानाची पावती जवळ ठेवावी. जकात भरणे परवडत नसेल आणि माल खरा जाहीर केलेला असेल, तर १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम ८० प्रमाणे तो तेथेच ठेवून परत जाताना सोबत नेण्याची विनंती करता येते. हे किती जणांना ठाऊक आहे?

आणखी एक. विमानतळावर कोणी ओळखीचा, अर्ध्या ओळखीचा येतो. “एवढे पुडके घेऊन जा, तिकडे माझा भाऊ घेईल,” म्हणतो. आपली मुले भिडेस्तव हो म्हणतात. पुडक्यात सोने निघाले तर ते ज्याच्या पिशवीत सापडले त्याच्याकडेच प्रथम बोट जाते. भावाचा तेथे पत्ता नसतो.

हे सारे ऐकून मावशी थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “डिसेंबरात यायचा आहे. मी ब्लँकेट सांगितलंय. त्याला काही नाही ना, फादर?”

एका ब्लँकेटला काही नाही, असे मी त्यांना सांगितले. पावती मात्र आणायला सांगा, म्हटले.