उधारीचे उपदेशक

मराठी माणसाने धंदा करावा, असे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच टंचाई नव्हती. शाळेचे संमेलन आले की प्रमुख पाहुणे उठतात, नोकरीच्या गुलामगिरीवर अर्धा तास तोंडसुख घेतात आणि शाल-श्रीफळ सावरीत निघून जातात. ते स्वतः बहुधा पेन्शनर असतात! मी शाळामास्तर, असली भाषणे मीही ठोकली आहेत. तेव्हा हा लेख थोडासा प्रायश्चित्ताचाही आहे.

या भाषणांत लक्ष्मणराव किर्लोस्कर हटकून येतात. १८८८ साली बेळगावात सायकलचे दुकान, १९१० साली किर्लोस्करवाडी; मधली बावीस वर्षे वक्ता एका घोटात गिळतो. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने शेतकरी त्यांच्या नांगराला शिवत नव्हते आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. त्या दोन वर्षांतली घालमेल हाच खरा धंदा. पण टाळी पडते ती वाडीला!

माझ्या एका विद्यार्थ्याने अशीच भाषणे ऐकून छपाई आणि पुस्तकबांधणीचे दुकान थाटले. बँकेचे कर्ज काढले, आईच्या पाटल्या गहाण टाकल्या, कागद कापायचे यंत्र आणले. हाताखाली दोन मुले ठेवली. पहिल्या पगाराला त्यांच्या हातावर पैसे ठेवताना त्याचा चेहरा मी पाहिला आहे. वीस वर्षांच्या नोकरीत तसा चेहरा माझा एकदाही झाला नसेल.

आमच्याच शाळेने त्याला वार्षिकांकाचे काम दिले. अंक वेळेवर आला, देखणा आला, वाटलाही गेला. बिल मात्र सात महिने निघाले नाही. सही राहिली, सभा राहिली, मंजुरी राहिली! पोरगा कचेरीबाहेरच्या बाकावर येऊन बसे. कागदवाल्याला रोख हवे होते, बँकेचा हप्ता थांबत नव्हता. एकदा चाचरत म्हणाला, "सर, बिलाचं तेवढं बघता का?" मी म्हणालो, "होईल रे, शाळेचा पैसा कुठे पळून जातोय?" त्या महिन्याचा माझा पगार तेव्हा जमा झालेला होता.

पुढे यंत्र विकले गेले. शिक्षकांच्या खोलीत चहा पिता पिता निकाल लागला: पोराला व्यवहारज्ञान नव्हते.

आता कोणी म्हणेल, धंद्यात धोका असायचाच. कबूल! माल खपला नाही, हा धोका. शेजारी दुसरे दुकान निघाले, हाही धोका. पण खपलेल्या मालाचे पैसे दाबून ठेवणे, याला धोका म्हणत नाहीत. बँकेला व्याज भरणाऱ्या पोराकडून आपण बिनव्याजी कर्ज उकळतो आणि वर त्यालाच धाडसाचे धडे देतो!

कायदा नाही असेही नाही. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योजकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. चुकल्यास रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढीने. पण गिऱ्हाइकावर फिर्याद करून पुढच्या वर्षी काम कोण देणार? गावात गिऱ्हाइके ती किती!

यंदाच्या संमेलनात 'तरुणांनो, उद्योजक व्हा' या विषयावर मी बोलावे, असा निरोप आला आहे. मांडववाल्याचे गेल्या वर्षीचे बिल निघाले का, एवढेच मी उलट विचारले. अजून उत्तर नाही.