दिवे कोणी लावले?

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा उघडली. डिसेंबर २०२३ मध्ये तो जीर्ण वाडा राष्ट्रीय स्मारकासाठी पाडण्यात आला. त्याच महिन्यात नागपूरच्या अधिवेशनात ‘सारथी’कडून पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या अधिछात्रवृत्तीचा विषय विधान परिषदेत निघाला, तेव्हा तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी पीएच.डी. करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. सावित्रीबाईंच्या स्मारकासाठी जागा मोकळी करणारे आणि तिच्या लेकींच्या संशोधनाचा हिशेब विचारणारे शासन एकच होते, हा योगायोग विसरण्याजोगा नाही.

हा सवाल एका मंत्र्याचा म्हणून सोडून देता येत नाही. पुरोगामी म्हणवणाऱ्या मंडळींतही तो दबक्या आवाजात विचारला जातो. प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका नाही, शाळेला छप्पर नाही. अशा देशात एखाद्या मुलीने प्रजननजीवशास्त्रात पाच-सहा वर्षे उंदरांच्या अंडाशयांचे काप पाहत बसावे, ही चैन कोणी पोसायची? त्यातच बढतीसाठी लिहिलेले, कपाटात धूळ खात पडलेले प्रबंध सर्वांनी पाहिलेले आहेत. आक्षेपात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच त्याला घोषणेने नव्हे, पुराव्याने उत्तर दिले पाहिजे.

पहिला पुरावा मुंबईचा. ६ ऑगस्ट १९८६ रोजी परळच्या केईएम रुग्णालयात हर्षा चावडा हिचा जन्म झाला. शरीरबाह्य फलनातून झालेला, शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेला तो देशातील पहिला जन्म. त्यामागे डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांचे परिश्रम होते. हिंदुजांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली ती याच विषयावर. केईएम हे महापालिकेचे रुग्णालय. आनंद कुमार ज्या प्रजनन संशोधन संस्थेचे संचालक होते, ती भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची. म्हणजे हा दिवा लागला तो करदात्यांच्या तेलावर, गिरणगावाच्या मधोमध.

उलट उदाहरण कोलकात्याचे आहे. डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयोगातून ३ ऑक्टोबर १९७८ रोजीच एक मुलगी जन्मली होती. शासनाने नेमलेल्या समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांची बदली करण्यात आली आणि १९८१ मध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्यांच्या टिपणांचा अभ्यास करून १९९७ मध्ये त्यांचे श्रेय जाहीरपणे मान्य केले ते आनंद कुमारांनीच. संशोधकाची अवहेलना करणाऱ्या सत्तेला समाज कोणती किंमत मोजतो, हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

पुढे काय झाले? महापालिकेच्या रुग्णालयात उजळलेले ज्ञान खाजगी वंध्यत्व केंद्रांच्या दारी गेले. आज एका उपचारचक्राचा खर्च लाखाच्या घरात जातो आणि मजुराच्या घरातील मूल नसलेली स्त्री बुवाच्या अंगाऱ्यावर विसंबते. सार्वजनिक पैशाने घडलेली प्रशिक्षित माणसे याच केंद्रांत जातात, कारण प्रयोगशाळेत त्यांना पोट भरता येत नाही. ज्ञानाचा खर्च समाजाचा आणि नफा मूठभरांचा, हा अर्थव्यवहार ज्यांना खटकत नाही, त्यांनाच अधिछात्रवृत्तीचे रुपये खटकतात.

बाजार स्वतःच्या गिऱ्हाइकाचेच प्रश्न विचारतो. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांकडे पैसा नाही, म्हणून त्यांचे गर्भाशय बाजाराच्या दृष्टीने संशोधनाचा विषय होत नाही. ते केवळ काढून टाकण्याची वस्तू ठरते. आरोग्य खात्याच्या २०१९ मधील पाहणीत ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. मुकादमाची उचल डोक्यावर, खाडा पडला की दंड, फडात ना पाणी ना आडोसा. अशा स्थितीत अंगावर पांढरे जाण्याच्या तक्रारीलाही शस्त्रक्रियेचे उत्तर मिळाले. अंडाशय राखून पिशवी काढली तरी रजोनिवृत्ती लवकर येऊ शकते, हे शास्त्राला ठाऊक आहे. पण अतिश्रमाचा, अर्धपोटी राहण्याचा आणि कीटकनाशकांचा या शरीरांवर काय परिणाम होतो, हे वर्षानुवर्षे कोण तपासणार? कोणतीही औषध कंपनी ते करणार नाही. ते काम शासकीय संस्थेतील, विद्यापीठातील संशोधक विद्यार्थिनीचेच आहे.

खुद्द बुधवार पेठेचीही साक्ष आहे. याच पेठेच्या गल्ल्यांत शरीरविक्रयावर जगणाऱ्या स्त्रिया राहतात आणि शहराने रोगाचे खापर नेहमी त्यांच्याच माथी फोडले. राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १९९३ ते १९९६ या काळात पुण्यातील गुप्तरोग चिकित्सालयांत आलेल्या स्त्रियांचा अभ्यास केला. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार शरीरविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती. या स्त्रियांपैकी बहुसंख्य विवाहित होत्या. पतीखेरीज त्यांचा कोणाशीही संबंध नव्हता. ‘चांगल्या घरातील’ स्त्री सुरक्षित असते, हा सदाशिवपेठी भ्रम कोणत्या व्याख्यानाने नव्हे, संशोधनाने मोडला.

आता व्यवहाराकडे वळू. नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्यास जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये ठरले आहेत. केंद्रीय विद्यापीठांतील बिगर-नेट विद्यार्थ्याला ८,००० रुपये. राज्य विद्यापीठांतील बहुतेकांच्या वाट्याला तेही नाहीत. शिवाय मंजूर रक्कमही महिनोन्महिने रखडते. उंदरिणीचे ऋतुचक्र चार-पाच दिवसांचे. रोज सकाळी तपासणी चुकली तर महिन्याचे काम वाया. तिचे शरीर कोषागाराच्या तारखेसाठी थांबत नाही. अशा वेळी टिकते ती मुलगी, जिच्या वडिलांचे निवृत्तिवेतन चालू असते. शेतमजुराची मुलगी अर्ध्यावर शिकवणीवर्गाची नोकरी धरते. परिणामी प्रजननाचे शास्त्र ज्यांच्या देहाविषयी आहे, त्यांच्या लेकी प्रश्न ठरवण्याच्या जागेपासून दूर राहतात.

म्हणून कार्यकर्त्यांनी या मागणीकडे काही शिकलेल्यांची पगारवाढ म्हणून पाहू नये. राज्य विद्यापीठांतील प्रत्येक पूर्णवेळ संशोधकाला जगण्यापुरती आणि दरमहा हाती पडणारी अधिछात्रवृत्ती, सार्वजनिक पैशाच्या संशोधनाचे फळ सार्वजनिक रुग्णालयात, आणि विषय निवडताना ऊसतोड, बांधकाम, विडी कामगार स्त्रियांच्या संघटनांचा शब्द, या तीन मागण्या परस्परांपासून तोडता येत नाहीत. पहिली एकटी मान्य झाली तर खाजगी केंद्रांना स्वस्त मनुष्यबळ तेवढे मिळेल.

अप्पा बळवंत चौकातील दुकानांत नेटची जुनी पुस्तके निम्म्या किमतीत शोधणाऱ्या मुली आजही दिसतात. भिडे वाडा तेथून हाकेच्या अंतरावर. तेथे दगडी स्मारक जरूर उभे राहो. पण या मुलींना प्रयोगशाळेच्या दारातून परत पाठवून त्या दगडांना हार घालण्याचा अधिकार कोणालाही उरणार नाही.